आरसी हेलिकॉप्टर शिकायचंय? सिम्युलेटरपासून ‘नाक आपल्याकडे’ तरंगण्यापर्यंत

ड्रोन उडवता येतं म्हणून त्याच जोरावर आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टर उचलणारा माणूस साधारण चार सेकंद खूश असतो. पाचव्या सेकंदाला मॉडेल एका बाजूला सरकायला लागतं, तो दचकून उलट्या बाजूला रिमोटची स्टिक मारतो, मॉडेल दुप्पट वेगाने तिकडे झेपावतं आणि पुढचं काम जमीन करते. यात त्याची फारशी चूक नसते. ड्रोनच्या पोटातला संगणक स्टिक सोडली की यंत्राला सपाट करतो आणि जागेवर धरून ठेवतो. हेलिकॉप्टरमधला गायरो, म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर, तेवढा कनवाळू नसतो. तो मॉडेलला डगमगू देत नाही, पण कललेलं मॉडेल सरळही करत नाही. पाच अंश पुढे झुकवून स्टिक सोडली, तर ते पाच अंश झुकलेलंच राहतं आणि वेग घेत जातं. सरळ करायचं काम आपल्या बोटांचं, आणि तेही विचार न करता, सायकलवर तोल सावरतो तसं.

म्हणून या छंदात क्रमाला फार किंमत आहे. आधी सिम्युलेटर, म्हणजे संगणकावरचा सराव, मग तळहातापेक्षा थोडं मोठं मॉडेल, आणि मोठं यंत्र सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करतात. मीही केली. कार्बनच्या पात्यांचं चकचकीत मॉडेल आधी आलं आणि पहिल्या दोन रविवारांत दोनदा मोडलं. पुढचे तीन महिने ते कपाटावर होतं आणि मी संगणकासमोर.

आधी यंत्र ओळखा

वरचा मोठा पंखा म्हणजे मेन रोटर. तो फिरतो तेव्हा त्याची प्रतिक्रिया म्हणून खालचा सांगाडा उलट्या दिशेने फिरू पाहतो. ते थांबवण्यासाठी शेपटीवरचा छोटा रोटर. बहुतेक मॉडेलांचा मेन रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून शेपटीचा रोटर शेपूट डावीकडे ढकलत असतो. त्या ढकलण्याने अख्खं मॉडेलच डावीकडे सरकायला बघतं. परिणामी जागच्या जागी तरंगताना हेलिकॉप्टर किंचित उजवीकडे कललेलं दिसतं. नवखा माणूस हा बिघाड समजून ट्रिम (स्टिकचा मध्य बारीक सरकवायची कळ) फिरवत बसतो. तो बिघाड नाही, ते तसंच तरंगणार.

मेन रोटरच्या दांड्याभोवती एक तबकडी असते, तिला स्वॉशप्लेट म्हणतात. तिला खालून तीन सर्व्हो (हुकमाप्रमाणे वळणाऱ्या छोट्या मोटरी) धरून असतात, बहुतेक वेळा एकमेकांपासून १२० अंशांवर. तिन्ही सर्व्होंनी तबकडी सरळ वर ढकलली की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि मॉडेल वर जातं. याला कलेक्टिव्ह म्हणायचं. तबकडी एका बाजूला झुकली की मॉडेल त्या बाजूला झुकतं. ते सायक्लिक. शेपटीच्या पात्यांचा कोन बदलला की नाक डावीउजवीकडे वळतं. झालं, एवढ्या चार गोष्टी: वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि नाक वळवणं. अडचण एवढीच की चारही एकमेकांत गुंतलेल्या असतात. कलेक्टिव्ह वाढवलं की शेपटीवर ताण येतो. पुढे झुकवलं की उंची कमी होते.

पूर्वी रोटरच्या वर आडवा दांडा आणि त्याच्या टोकांना दोन छोट्या फळ्या असायच्या, तो फ्लायबार. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या डिटर श्लुटर यांनी फ्लायबार वापरून नीट ताब्यात राहणारं रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टर उडवलं आणि हा छंद खऱ्या अर्थाने सुरू झाला. आता त्या दांड्याचं काम तीन अक्षांचा इलेक्ट्रॉनिक गायरो करतो, म्हणून आजची मॉडेलं फ्लायबारलेस म्हणून ओळखली जातात. कुणी जुनं फ्लायबारवालं मॉडेल शिकण्यासाठी देऊ करत असेल तर आभार मानून नकार द्या. शिकताना सुटे भाग लागणारच, आणि जुन्या मॉडेलांचे ते शोधता शोधता उत्साह मावळतो.

कुठलं घ्यायचं

बाजारात तीन जाती आहेत. एकावर एक दोन रोटर उलटसुलट फिरणारं कोअ‍ॅक्शियल; पात्यांचा कोन कायम ठेवून फेऱ्यांच्या वेगाने वर-खाली होणारं फिक्स्ड पिच; आणि फेऱ्या स्थिर ठेवून पात्यांचा कोन बदलणारं कलेक्टिव्ह पिच.

कोअ‍ॅक्शियल घरातल्या घरात, पंखा बंद करून उडवायला मजेचं आहे, पण त्यावर शिकलेलं पुढे फारसं कामी येत नाही. ते स्वतःच इतकं स्थिर असतं की बोटांना काही शिकायलाच मिळत नाही. फिक्स्ड पिचमध्ये रोटरच्या फेऱ्या वाढायला क्षणभर लागतो, त्यामुळे वर-खालीचा प्रतिसाद ढिला असतो, आणि जरा वारा आला की ते पतंगासारखं वाहून जातं. माझं मत स्पष्ट आहे: छंद म्हणून गंभीरपणे करायचा असेल तर थेट छोट्या कलेक्टिव्ह पिचवर या. एक्सके के११०, ब्लेडची छोटी मॉडेलं, ओएमपी हॉबीचं एम१ किंवा एम२, गूस्कायचं एस२ अशी नावं या वर्गात सारखी कानावर पडतात. नावापेक्षा दोन गोष्टी पाहा. एक, त्यात स्वतःहून सपाट होणारा मोड किंवा रेस्क्यूचं, म्हणजे दाबल्यावर मॉडेल आपोआप सावरणारं बटण आहे का. दोन, मेन शाफ्ट (मेन रोटरचा उभा दांडा), स्पिंडल (दोन्ही पात्यांच्या मुळांना जोडणारा आतला आडवा दांडा), पाती, शेपटीचा दांडा आणि लँडिंग स्किड (खालचे पाय) हे पाच भाग आज सहज मिळतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर मॉडेल कितीही छान असो, घेऊ नका.

मोठ्या मॉडेलांचे वर्ग आकड्यांनी ओळखले जातात: ४५०, ५००, ६००, ७००. यात एक गोंधळ आहे. ६०० आणि ७०० हे आकडे ढोबळमानाने पात्याची मिलिमीटरमधली लांबी सांगतात. ४५० चं पातं मात्र ३२५ मिलिमीटरचं असतं. ते जुनं नाव आहे, चिकटून बसलंय. मोठं मॉडेल हवेत जास्त शांत असतं, वाऱ्याला दाद देत नाही आणि लांबून नीट दिसतं. म्हणून काही जाणकार ‘मोठ्यावरच शिका’ असं सांगतात. त्यांचं म्हणणं उडवण्यापुरतं खरं आहे. पण मोठं मॉडेल पडतं तेव्हा भाग मोठे मोडतात, आणि माणसाला लागलं तर तेही मोठंच लागतं. शेजारी उभा राहून चूक होताच ट्रान्समीटर, म्हणजे रिमोट, हातात घेणारा अनुभवी माणूस रोज मिळणार असेल तरच तो मार्ग धरावा.

ट्रान्समीटर मात्र पहिल्यापासून चांगला घ्या. मॉडेलं येतील, मोडतील, विकली जातील. ट्रान्समीटर वर्षानुवर्षं हातात राहतो. किमान सहा चॅनल, थ्रॉटल (मोटरचा जोर) आणि पिच (पात्यांचा कोन) यांचे वेगवेगळे कर्व्ह, म्हणजे स्टिकच्या कुठल्या जागेला किती हे ठरवणारे आलेख, घालता येतील असा हेलिकॉप्टर मेन्यू, आणि संगणकाला जोडायची सोय एवढं हवंच. बहुतेक सगळे आजकाल २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते. मॉडेलमधल्या रिसीव्हरची भाषा आपल्या ट्रान्समीटरला येते का, हे विकत घेण्याआधी पाहायचं.

मोडचा, म्हणजे कुठलं काम कुठल्या स्टिकवर याचा, प्रश्न एकदाच सोडवा. मोड २ मध्ये डावी स्टिक वर-खाली आणि नाक वळवण्यासाठी, उजवी स्टिक झुकवण्यासाठी. मोड १ मध्ये वर-खाली उजव्या स्टिकवर आणि पुढे-मागे डाव्या स्टिकवर जातं. दोन्हीही चांगले. तुम्हाला शिकवणारा, मदत करणारा माणूस जो वापरतो तो घ्या. कुणीच नसेल तर मोड २. नंतर बदलणं म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याने अचानक डाव्याने लिहिण्यासारखं आहे.

सिम्युलेटर: खरं शिकणं इथेच

रिअलफ्लाइट, हेली-एक्स, नेक्स्ट, अ‍ॅक्युआरसी यांपैकी जो आपल्या संगणकावर नीट चालेल तो घ्या. फक्त एक अट: किबोर्ड किंवा गेमच्या कंट्रोलरवर नाही, स्वतःच्या ट्रान्समीटरने उडवायचं. बोटांना स्प्रिंगचा तोच ताण, तीच उंची, तीच स्विच लागली पाहिजेत.

दिवसाला वीस मिनिटं पुरे. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी जास्त मुरतात.

पहिला धडा: शेपूट आपल्याकडे, नाक समोर. या स्थितीत मॉडेलचं डावं ते आपलं डावं. एका जागी तरंगवायचं. सुरुवातीला सिम्युलेटरमध्ये सगळं एकदम करू नका. बहुतेकांमध्ये एकच नियंत्रण आपल्याकडे आणि बाकीची संगणकाकडे अशी सोय असते. आधी फक्त पुढे-मागे, मग डावीउजवीकडे, मग कलेक्टिव्ह. इथे बोटांची सवय लागते ती अशी: मॉडेल सरकायला लागल्यावर एक छोटा धक्का द्यायचा आणि लगेच स्टिक मधे आणायची. सरकणं थांबायला आलं की उलटा अगदी बारीक धक्का. नवखे लोक स्टिक दाबून धरतात आणि मॉडेल परत येण्याची वाट बघतात. ते परत येतंच, आणि तसंच पुढेही निघून जातं. अनुभवी माणसाच्या अंगठ्यांकडे पाहिलंत तर ते सतत थरथरत असतात, एखाद-दोन मिलिमीटर, थांबत नाहीत. मॉडेल मात्र खिळ्याला टांगल्यासारखं स्थिर.

एका मिनिटभर मॉडेल एका लहान चौकोनात राहिलं की दुसरा धडा: बाजू आपल्याकडे. आधी ज्या बाजूला सोपं वाटतं ती नको, अवघड वाटते ती आधी करा. प्रत्येकाची एक बाजू लंगडी असते आणि ती टाळत राहिलं तर वर्षभरानेही लंगडीच राहते.

तिसरा धडा म्हणजे नाक आपल्याकडे. इथेच बहुतेक जण थांबतात. मॉडेल आपल्याकडे तोंड करून असतं तेव्हा त्याचं डावं आपलं उजवं होतं. पुढे ढकललं की ते आपल्याच अंगावर येतं. डोक्यात आरसा उलटा करत बसलं तर वेळच पुरत नाही. त्यावर एक जुनी युक्ती आहे: मॉडेल ज्या बाजूला पडतंय, त्या बाजूला स्टिक न्यायची, जणू पडणाऱ्या बाजूला खालून टेकू देतोय. ते आपल्या डावीकडे घसरतंय? स्टिक डावीकडे. ते आपल्याकडे येतंय? स्टिक आपल्याकडे. मोड २ मध्ये हे सगळं उजव्या अंगठ्यात बसतं. पहिले काही दिवस ही युक्ती मनात म्हणावी लागते. मग एक दिवस लक्षात येतं की आपण ती म्हणायची विसरलो आणि मॉडेल तरीही हवेत आहे.

सिम्युलेटरमध्ये एक वाईट खोड लागते: मॉडेल बिघडायला लागलं की रिसेट दाबायचं. मैदानावर रिसेट नाही. प्रत्येक वेळी सावरायचा प्रयत्न करा, आणि आपटणार हे नक्की दिसलं की थ्रॉटल होल्डचं स्विच पाडा. हे स्विच मोटर बंद करतं. त्याच्यापर्यंत बोट डोळे न हलवता पोचायला हवं, म्हणून तेही सिम्युलेटरमध्येच घोटायचं.

बॅटरी

लिथियम पॉलिमर बॅटरीबद्दल भीती नको, पण आदर हवा. एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. तीन सेलची म्हणजे ३एस बॅटरी ११.१ व्होल्टची. चार्जर बॅलन्स चार्जिंगचाच घ्या, जो प्रत्येक सेल वेगळा मोजतो. वेग १सी ठेवा: २२०० मिलिअ‍ॅम्पतासाची बॅटरी असेल तर २.२ अ‍ॅम्पियर. चार्ज होत असताना घराबाहेर जाऊ नका, झोपू नका. खाली फरशी किंवा विटा असाव्यात, गादी किंवा लाकडी टेबल नाही.

उडताना बॅटरी पूर्ण उपसायची नाही; वीस टक्के शिल्लक ठेवून उतरायचं. पहिल्यांदा टायमर तीन मिनिटांचा लावा, उतरून थोडा वेळ थांबा आणि प्रत्येक सेल मोजा. ३.७ च्या खाली गेला असेल तर टायमर कमी करा, बराच वर असेल तर वाढवा. काही दिवस उडवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. भरलेली बॅटरी कपाटात महिनाभर ठेवली तर ती फुगू शकते, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नसते.

टेबलावरची तपासणी

छोटं तयार मॉडेल घेतलं असेल तर यातलं बरंचसं कारखान्यात झालेलं असतं, तरीही एकदा स्वतः पाहावं. किटमधून बांधलं असेल तर हा भाग वाचून सोडायचा नाही.

सगळ्यात आधी मोटरच्या तारा सोडवा. मोटर जोडलेली ठेवून सेटिंग करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मग ट्रान्समीटर चालू, नंतर मॉडेलची बॅटरी. हा क्रम कायमचा: ट्रान्समीटर आधी चालू, शेवटी बंद. गायरो जागा होत असताना मॉडेलला हात लावायचा नाही, तो त्या क्षणी स्थिर म्हणजे काय हे शिकत असतो.

आता स्टिक हलवून पाहा. कलेक्टिव्ह वर नेल्यावर तबकडी सरळ वर जाते का, वाकडी होत नाही ना? स्टिक उजवीकडे नेल्यावर तबकडी उजवीकडेच झुकते ना? आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, गायरोची दिशा. स्टिकला हात न लावता मॉडेल उचला आणि झटकन पुढे झुकवा. तबकडीने मागे झुकायला हवं, म्हणजे ती जमिनीला समांतर राहू पाहते असं दिसायला हवं. डावीउजवीकडेही तसंच. शेपटीसाठी, मॉडेलचं नाक हाताने उजवीकडे फिरवा. आपण नाक डावीकडे वळवायला स्टिक दिल्यावर शेपटीची पाती ज्या दिशेने हलतात, तशीच ती हलली पाहिजेत.

हे इतकं तपशिलात सांगतोय त्याला कारण आहे. एकदा गायरोचं चिकटवलेलं फोम बदललं आणि गायरो उलटा, तोंड खाली करून लावला. सेटिंगमध्ये ते सांगायचं राहिलं. टेबलावर स्टिकने सगळं बरोबर हलत होतं, म्हणून झुकवून पाहायचा कंटाळा केला. मैदानावर स्किड जमिनीवरून उचलले जाण्याआधीच मॉडेलने कूस बदलली आणि पात्यांनी मातीत नांगरट केली. एक सेकंदसुद्धा लागला नाही. ती तपासणी दहा सेकंदांची होती.

पिच मोजायला पिच गेज मिळतो. नवशिक्यासाठी नॉर्मल मोडमध्ये स्टिक पूर्ण खाली असताना उणे दोन-तीन अंश, मधे साधारण पाच, वर नऊ-दहा अंश असा कर्व्ह सोयीचा असतो. मधोमध स्टिकला मॉडेल तरंगलं की बोटांना खूण पटते. एक्स्पोनेन्शियल वीस-तीस टक्के ठेवा, म्हणजे मधल्या भागात स्टिक थोडी मऊ होते. दोन्ही बाजूंना उलटसुलट तरंगण्यासाठीचा आयडल अप मोड सध्या ट्रान्समीटरमध्ये घालूच नका. चुकून त्या स्विचला बोट लागलं तर उभ्या असलेल्या मॉडेलचा रोटर पूर्ण वेगाने फिरायला लागतो.

समतोल पाहायला पाती शेपटीच्या दांड्याशी काटकोनात आणा आणि दोन्ही पात्यांच्या मुळाशी धरून मॉडेल उचला. ते आडवं राहिलं पाहिजे, नाक जरासं जड चालेल. बॅटरी पुढे-मागे सरकवून हे जमतं. पात्यांचे बोल्ट किती घट्ट? मॉडेल एका कुशीवर आडवं धरा: पाती स्वतःच्या वजनाने पडता कामा नयेत, पण जरा हलवलं की खाली यायला हवीत. अगदी कसून आवळलेली पाती फिरताना सरळ रेषेत येत नाहीत आणि सगळं मॉडेल थरथरतं.

धातूत धातू शिरणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉक, थेंबभर. प्लास्टिकमध्ये शिरणाऱ्याला नाही, प्लास्टिक त्याने ठिसूळ होतं. १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे चांगल्या पोलादाचे षटकोनी ड्रायव्हर घ्या. स्वस्तातल्या ड्रायव्हरने स्क्रूचं डोकं गोल झालं की ते काढण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

मैदानावर

जागा मोकळी, सकाळची, वारा नसलेली. गवत असेल तर बुटकं, नाहीतर स्किड अडकून मॉडेल जमिनीवरच उलटतं. आपल्या भागात मॉडेल विमानांबद्दल काय नियम आहेत ते आधी पाहून घ्या. २५० ग्रॅमपेक्षा जड मॉडेलला नोंदणी लागते असं अनेक देशांत आहे. आणि बघायला येणाऱ्या सगळ्यांना आपल्या पाठीमागे उभं करा, बाजूला नाही. लहान मुलं असतील तर एक मोठा माणूस फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवायला.

हे कडकपणे का सांगायचं? ७०० वर्गाच्या मॉडेलच्या रोटरचा व्यास दीड मीटरहून जास्त असतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर पात्याचं टोक ताशी ६०० किलोमीटरच्या जवळपास वेगाने जातं. २०१३ साली न्यू यॉर्कमध्ये एका तरुण वैमानिकाचा स्वतःच्याच मॉडेलच्या पात्याने जीव गेला. छोट्या मॉडेलने तसं होणार नाही, पण डोळा जाऊ शकतो. छोट्यापासून किमान पाच मीटर, ४५० पासून दहा, मोठ्यापासून त्याहून जास्त अंतर ही माझी सवय आहे.

छोट्या मॉडेलखाली आडव्या काड्यांची आणि टोकांना गोळे असलेली ट्रेनिंग गिअर बांधली तर पहिल्या काही उड्डाणांत उलटण्याचा धोका बराच कमी होतो. मॉडेल जमिनीवर ठेवा, नाक वाऱ्याकडे, शेपूट आपल्याकडे. थ्रॉटल होल्ड लावलेलंच असू द्या, बॅटरी जोडा, मागे चालत या, उभे राहा, श्वास घ्या, मग होल्ड काढा. रोटर पूर्ण वेगावर येऊ द्या.

आता इथे बहुतेक जण एक चूक करतात. जमिनीवर असताना फ्लायबारलेस मॉडेलची तबकडी हळूहळू एका बाजूला झुकताना दिसते आणि ते स्टिकने ती सरळ करू पाहतात. करू नका. गायरोला वाटतं आपण कलायला सांगतोय, पण मॉडेल तर जमिनीवर अडकलंय, म्हणून तो आणखी जोर लावतो. स्टिक मधे ठेवा आणि ठामपणे, एका दमात डोळ्यांच्या उंचीपर्यंत उचला. घाबरत घाबरत इंचाइंचाने उचलणं जास्त धोक्याचं. जमिनीलगत रोटरची हवा खालून परत उसळते, त्यामुळे मॉडेल तेलकट फरशीवर ठेवल्यासारखं चहूबाजूंना घसरतं. रोटरच्या व्यासापेक्षा थोडं वर गेलं की एकदम शांत होतं.

वर गेल्यावर सिम्युलेटरमध्ये केलं तेच. शेपूट आपल्याकडे, छोटे धक्के. डोळे मॉडेलच्या नाकावर ठेवा, शेपटीवर नाही. शेपूट बघत राहिलं की वळण उलटं वाटू लागतं. तीस सेकंद तरंगवा आणि उतरवा. खाली आल्यावर पाती थांबेपर्यंत जवळ जायचं नाही. हात थरथरत असतील. सगळ्यांचे थरथरतात. दहा मिनिटांनी पुन्हा.

रेस्क्यूचं बटण असेल तर पहिल्याच दिवशी, चांगली उंची घेऊन एकदा मुद्दाम दाबून पाहा. संकटात पहिल्यांदा दाबलेल्या बटणावर भरवसा ठेवता येत नाही, आणि ते सावरताना मॉडेल किती खाली येतं हेही कळायला हवं.

शेपूट आपल्याकडे तरंगणं पक्कं झालं की सिम्युलेटरचे धडे त्याच क्रमाने मैदानावर आणा, पण प्रत्येक धडा सिम्युलेटरमध्ये आधी कंटाळा येईपर्यंत झालेला असावा. हळूहळू मॉडेल पुढे न्यायला लागलात की आश्चर्य वाटेल: वेगात ते तरंगण्यापेक्षा सोपं जातं, कारण रोटरला ताजी, न ढवळलेली हवा मिळते. वळताना नुसतं झुकवायचं नाही, शेपटीनेही नाक वळवायचं, नाहीतर मॉडेल आडवं सरकत जातं. डोक्यावरून कधीच नेऊ नका, आणि लांब जाऊन ठिपका होऊ देऊ नका. ठिपक्याचं नाक कुठल्या बाजूला आहे हे कुणालाच कळत नाही.

आपटल्यावर

आपटणारच. होल्ड पाडा, मग पळत जाऊ नका, चालत जा. आधी बॅटरी सोडवा आणि ती मॉडेलपासून दूर, उघड्यावर अर्धा तास ठेवा. दबलेला सेल कधीकधी उशिरा पेट घेतो.

घरी आल्यावर भाग एकेक काढून पाहा. मेन शाफ्ट काचेवर लाटा: वाकलेला असेल तर मधे फट दिसते, फिरताना उड्या मारतो.  स्पिंडलही तसाच लाटून पाहायचा, कारण वाकलेला स्पिंडल बाहेरून दिसत नाही आणि पुढच्या उड्डाणात थरथर त्याचीच असते. मोठ्या गिअरचे दात बोटाने चाचपा. सर्व्हो हाताने सावकाश फिरवा. मधे कुठे कट्‌ असा आवाज आला तर आतला दात गेलाय. पात्याला केसाएवढी चीर असली तरी ते पातं फेकून द्या. चिकटवलेलं पातं फिरताना सुटलं तर ते कुणाच्या दिशेने जाईल सांगता येत नाही.

जोडणी झाली की पुन्हा टेबलावरची अख्खी तपासणी, पहिल्यापासून, गायरोच्या दिशेसकट. आणि एका पात्याच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावून रोटरचा मार्ग पाहा: सुरक्षित अंतरावर बसून, पात्यांच्या पातळीत डोळे आणून. दोन्ही पाती एकाच रेषेत फिरली पाहिजेत. एक वर, एक खाली दिसत असेल तर त्या पात्याचा कोन ठरवणारा दुवा अर्ध्या फेऱ्याने कमी-जास्त करा.

मोठं मॉडेल कधी

माझी कसोटी साधी आहे. छोट्या मॉडेलवर नाक आपल्याकडे ठेवून, रेस्क्यूला हात न लावता, टायमर वाजेपर्यंत तरंगवता आलं, आणि ते सलग पाच बॅटऱ्यांवर जमलं, की ४५० किंवा त्याच्या आसपासचं मॉडेल घ्या. मोटर बंद पडली तर पात्यांच्या साठलेल्या वेगावर मॉडेल उतरवायचं, म्हणजे ऑटोरोटेशन, हे तेव्हापासून सिम्युलेटरमध्ये सुरू करा: होल्ड पाडा, कलेक्टिव्ह खाली, मॉडेल पडू द्या, रोटर हवेने फिरत राहील; जमिनीपासून दोन-तीन मीटरवर असताना कलेक्टिव्ह वाढवा. उंचावर असतानाच घाईने वाढवलं तर जमिनीजवळ वाढवायला काही उरत नाही. पहिली पन्नास वेळा तसंच होईल.